निघोज्यातली कडबाकुट्टी

खानावळ चालवणाऱ्या बाईला माणसांची तोंडं कमी आणि हात जास्त दिसतात. ताटात भाकरी टाकायची, वाटीत आमटी ओतायची, समोर येतो तो हातच. सोनटक्केमामा पहिल्यांदा माझ्याकडं जेवायला बसले तेव्हा उजवा हात मांडीखाली दाबून डाव्या हातानं घास घेत होते. माझी सासू तेव्हा होती. उंबऱ्यात बसून सगळ्यांच्या ताटांवर नजर ठेवणं हा तिचा उद्योग. ती खेकसली, "आरं ए बाबा, डाव्या हातानं खातूस व्हय? आमच्यात न्हाई चालायचं ह्ये." मामांनी उजवा हात वर काढला. अंगठ्याशेजारची दोन बोटं मुळापासून नव्हती. सासू गुडघ्यावर हात टेकत उठली, आत गेली आणि दुधात भाकरी कुस्करून आणून त्यांच्यापुढं ठेवली. "चमच्यानं खा," म्हणाली. तिनं जन्मात कधी कुणाची माफी मागितली नाही. माफीच्या त्यातल्या त्यात जवळ गेली ती त्या दिवशी.

मामा परभणीकडचे. नाव बाळासाहेब, पण निघोज्यात ते कुणाला ठाऊक नव्हतं. पोरं मामा म्हणायची, मग मोठी माणसं म्हणायला लागली, शेवटी त्यांच्यापेक्षा वयानं थोरला असलेला माझा नवरासुद्धा. आमची जमीन एमआयडीसीत गेली, त्या पैशातनं नवऱ्यानं मागं ओळीनं खोल्या काढल्या आणि पुढं पत्र्याखाली मी खानावळ घातली. नळाशेजारची खोली मामांची. बायको आणि लेक गावाकडं. सणाला जायचे आणि सण सरायच्या आत परत. का हो मामा, घर आवडत नाही का, असं मी विचारलं की म्हणायचे, "तिथं माझं कोण ऐकायलंय अक्का? हितं निदान तुमी भांडता तरी."

भांडायचो खरं. रोज. आमटीत तिखट कमी म्हणून, नळाला पाणी नाही म्हणून, आणि सगळ्यात जास्त त्यांच्या शेठवरून.

त्यांच्या वर्कशॉपात पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढायचं काम चालतं. त्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच वरचा साचा खाली येतो, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही. पण माल भराभर निघावा म्हणून एक बटण चिकटपट्टीनं कायमचं बांधून टाकतात. मग एक हात बटणावर आणि एक आत. सगळ्यांना माहीत असतं, कुणी बोलत नाही. मामांची बोटं अशीच गेली. शेठनं त्यांना त्याच वर्कशॉपच्या फाटकावर वॉचमन म्हणून खुर्ची दिली आणि मामा त्याला उपकार म्हणायचे. मी म्हणायचे, "बोटं घेतली आणि खुर्ची दिली, मोठा दानशूर कर्णच की तुमचा शेठ!" तर माझ्यावर डोळे काढायचे. "दुसऱ्यानं हाकलून दिलं असतं अक्का. खाल्ल्या मिठाला जागावं."

नवा भाडेकरू आला की त्याचं सामान उतरायच्या आधी मामा पुढं. "हात दाखव." पोराला वाटायचं, ज्योतिषी दिसतोय. तो हात पसरायचा. मामा उलटे सुलटे करून बघायचे आणि म्हणायचे, "दहा हायेत. गावाला परत जाताना दहाच न्यायची. एक बी हितं ठिवायचं न्हाई." पोरं हसायची. सुनीता तर मामांची नक्कल करून दाखवायची. ही आमच्याच ओळीतली, जालन्याची, नवरा ट्रकवर क्लीनर, म्हणजे असून नसल्यासारखा. कंपनीत जायच्या आधी सकाळी माझ्याकडं भाकऱ्या थापायला यायची. "मामा, माझ्या हाताला पीठ हाय, मोजून घ्या बरं, एखादं पिठातच जाईल," म्हणायची. मामा तिच्यावर रागवायचे. या एका गोष्टीची थट्टा त्यांना चालत नसे.

डबा सुरू झाला तो संतोष नावाच्या पोरामुळं. वाशीमचा होता, ठेकेदाराचा कामगार. ठेकेदाराच्या पोरांना ना ईएसआयचं विम्याचं कार्ड, ना कंपनीचा पास. प्रेसमध्ये त्याचा हात सापडला तेव्हा मामा आणि रफिकभाई त्याला घेऊन पळाले. रफिकभाईचं रस्त्यापलीकडं गॅरेज. जन्म पिंपरीतला, मराठी माझ्यापेक्षा चांगली आणि शिव्या त्याहून चांगल्या. त्याच्या टेम्पोत पोतं अंथरून पोराला निजवलं. एक खाजगी डॉक्टर होता, वेळेत नेलं तर तुटलेली बोटं जोडायचा. पण काउंटरवर विचारलं, काय झालं? मामांनी खरं ते सांगितलं. कंपनीतला अपघात म्हटल्यावर, ही पोलीस केस, आधी नोंद करून या. ठाण्यात गेले तर हद्द दुसऱ्याची. दुसरीकडं गेले तर साहेब बाहेर. शेठचा फोन बंद. पोरगं टेम्पोत कण्हतंय आणि हे दोघं फिरतायत. परत आले तेव्हा डॉक्टर म्हणाला, आता जोडण्यासारखं काही राहिलं नाही.

त्या पगाराला मामांनी माझ्याकडनं एक मोठा रिकामा डबा मागून घेतला. तोंडाला फडकं बांधलं, मधे मूठ जाईल एवढी फट ठेवली आणि खानावळीच्या दारात स्टुलावर ठेवला. नियम एकच. जेवून बाहेर पडताना प्रत्येकानं मूठ आत घालायची. काय टाकलं ते दाखवायचं नाही, विचारायचं नाही. ज्याच्याकडं नसेल त्यानं रिकामी मूठ घालायची, पण घालायची. गणपतीच्या वर्गणीला आलेली गावची पोरं हे बघून म्हणाली, "मामा, पावत्या फाडा, नावं लिहा फळ्यावर, मग बघा कसा पैसा येतो." मामा म्हणाले, "नाव लिवलं की देणारा फुगतो आन् न देणारा दुसऱ्या खानावळीत जेवायला जातो. मला दोघंबी हितंच पाहिजेत." मला त्या माणसाचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

पुढचा अपघात झाला तेव्हा तयारी होती. टेम्पो तयार, डब्यातले पैसे तयार. काउंटरवर पुन्हा तोच प्रश्न, काय झालं? मामा म्हणाले, "कडबाकुट्टीत हात गेला. घरची हाय, वैरण तोडताना." घरगुती अपघात. पोलीस नाही, हद्द नाही. पोराला तडक आत घेतलं आणि दोन बोटं वाचली.

परत आले तेव्हा मामा इतके खूश होते की त्यांनी माझ्याकडं आग्रह करून सगळ्यांना शिरा करायला लावला. रफिकभाई सांगत होता, "मावशी, क्या दिमाग चलाया मामाने! मी तर गप्पच उभा. कडबाकुट्टी म्हणे! डॉक्टरनंसुद्धा विचारलं नाही कुठली." आम्ही हसलो. मीही हसले. तेव्हापासून ते ठरूनच गेलं. फोन आला की टेम्पो, टेम्पो आला की डॉक्टर, डॉक्टरनं विचारलं की कडबाकुट्टी. निघोज्यात आता औषधाला म्हैस सापडत नाही, गोठे होते तिथं खोल्या झाल्या, पण त्या दवाखान्याच्या हिशेबानं अख्ख्या महाराष्ट्रात एवढी वैरण तोडणारं दुसरं गाव नसेल.

डबा चांगला चालला. नुसता दवाखाना नाही, हात बरा होईस्तोवर घरात शिधा, पोरांची फी, गावाला जायचं तिकीट, एका बाईला शिलाई मशीन. आजूबाजूच्या खानावळीतही डबे लागले. मामा पगाराच्या आठवड्यात सायकलवर गल्लोगल्ली फिरायचे. कुणी हात जोडून आभार मानायला लागला की त्याच्या अंगावर ओरडायचे, "माझे कामून पाय धरायलास? डब्याचे धर!" आणि खरंच एक म्हातारी एकदा डब्यापुढं डोकं टेकून गेली. मामांना ते आवडलं असावं. आठवडाभर खुशीत होते.

वर्कशॉपवाल्यांनाही डबा आवडायला लागला. आवडणारच. आधी अपघात झाला की त्यांची पळापळ व्हायची. आता ठेकेदार पहिला फोन मामांना करायचा आणि मग मशीन पुसायला घ्यायचा. गाडी आली, माणूस गेला, तासाभरात दुसरा माणूस त्याच प्रेसवर. मग एका वर्षी वर्कशॉपवाल्यांच्या संघटनेनं मामांच्या फंडाला गाडीच दिली. पांढरी व्हॅन, आत झोपायला बाक, बाहेर संघटनेचं नाव मोठ्या अक्षरात आणि त्याखाली बारीक अक्षरात 'कामगार मदत डबा, निघोजे'. रफिकभाई चालवायचा.

ती गाडी दिली खंडेनवमीला. वर्कशॉपात सगळी मशीनं धुऊन पुसून, झेंडूच्या माळा घालून उभी केलेली. आम्हाला सगळ्यांना बोलावणं होतं. शेठनं मामांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि म्हणाला, "मामा आहेत म्हणून आम्ही निवांत झोपतो." टाळ्या झाल्या. मग मामांना मानानं एका प्रेसची पूजा करायला लावली. मी शेजारी ताट धरून उभी होते. माळेखाली एक बटण चिकटपट्टीनं बांधलेलं मला दिसलं. सणाचंसुद्धा सोडलं नव्हतं. मामांनी उरलेल्या बोटांनी हळद घेतली, कुंकू घेतलं आणि त्या चिकटपट्टीवरच लावलं. त्यांनी ते बघितलं का, मला माहीत नाही. डोळ्यात पाणी होतं त्यांच्या, आनंदाचं. घरी येताना मी म्हटलं, "शेठ निवांत झोपतो म्हणाला, ऐकलंत ना?" तर म्हणाले, "अक्का, तुमी चांगल्यात बी खडा शोधता."

आणि मग अंकुश.

अंकुश मामांच्याच तालुक्यातला, जवळजवळ गाववाला. मामांनीच त्याला खोली बघून दिली, कामाला लावलं. लग्न झालेलं, बायको इथंच, मांडीवर तान्हं लेकरू. त्याची उजव्या हाताची चार बोटं गेली. मामा वाऱ्यासारखे गेले, कडबाकुट्टी सांगितली, डॉक्टरनं दोन जोडली. जोडली म्हणायची आपली, ती वळायची नाहीत. डब्यातनं सगळं झालं. पण डबा किती दिवस पुरणार? हात बरा झाल्यावर ठेकेदार म्हणाला, अशा हाताला माझ्याकडं काम नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून तो वकिलाकडं गेला. असा हात गेला तर कायद्यानं भरपाई मिळते, जन्माची सोय होण्याइतकी. वकिलानं विचारलं, अपघात कुठं झाला? कंपनीत. कशावरून? कंपनी म्हणाली, आमच्याकडं असं काही घडलंच नाही, दवाखान्यात विचारा. दवाखाना म्हणाला, वैरण तोडताना.

अंकुश संध्याकाळी खानावळीत आला. माणसं जेवत होती. तो मामांच्या ताटापुढं उभा राहिला.

"मामा, तुमी डॉक्टरला काय सांगितलं होतं?"

"तुझी बोटं वाचावी म्हणून सांगितलं, बाबा. न्हाई तर दारातच..."

"वाचली का?" त्यानं हात पुढं केला. "ह्या हातानं मी काय धरू? लेकरू बी धरता येत न्हाई. आन् आता भरपाई कोण देणार? तुमचा डबा?"

मामांच्या हातातला घास तसाच राहिला. मी अंकुशला म्हटलं, बस, जेव आधी. तो बसला नाही. सगळे गेल्यावर मामा स्वतःचं ताट घासायला नळावर बसले. मी कधी त्यांना ताट घासू दिलं नव्हतं, त्या दिवशी अडवलं नाही. घासता घासता म्हणाले, "अक्का, आपण गोरगरिबाला मदत करायलो असं वाटत होतं. आपण शेठच्या मशीनीवरलं रक्त पुसायलो होतो. आपल्याच पैशानं."

मी म्हटलं, "संतोषचं विसरलात? खरं बोलला होतात तेव्हा. काय झालं त्याचं?"

"तेच तर," म्हणाले. "खरं बोललं तर बोटं जातात, खोटं बोललं तर हक्क जातो. मग माणसानं बोलावं तरी काय?"

मी त्यांच्या हातातनं ताट घेतलं आणि विसळलं.

मामांनी ठरवलं, अंकुशच्या केसला कोर्टात उभं राहून सांगायचं. मी खोटं बोललो, माझ्या तोंडानं बोललो, अपघात प्रेसवर झाला. हे कळल्याबरोबर शेठनं त्यांना फाटकावरनं काढलं. ते एक ठीक. पण खोल्यांतली माणसं उलटली, ते जास्त लागलं. मामानं साक्ष दिली तर उद्या कुठलं वर्कशॉप गाडी आत घेईल? डॉक्टर दारात तरी उभं करेल का? मागं ज्यांनी ज्यांनी कडबाकुट्टी सांगितली त्यांच्या मागं पोलीस लागले तर? रफिकभाई त्यांना समजवायला आला. "मामा, एका अंकुशसाठी सगळ्यांचा दवाखाना बंद करताय राव. थोडं ठंडे दिमाग से सोचो." मामा म्हणाले, "रफिक, तू गाडी चालवतो. बोलायचं काम माझं हाय. खोटं माझ्या तोंडातनं गेलंय." त्या महिन्यात डब्यात मुठी गेल्या, पण डब्याला वजन आलं नाही.

तारखेला मी मामांबरोबर पुण्याला लेबर कोर्टात गेले. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता, कपाळाला बुक्का. वाटेत एकसारखे तेच तेच वाक्य पुटपुटत होते, शाळेतलं पोर कविता पाठ करतं तसं. आत गेलो तर अंकुश आधीच उभा. आमच्याकडं बघेना. शेजारी त्याचा वकील आणि शेठचा वकील एकमेकांशी हसून बोलत होते. साहेबांनी विचारलं आणि अंकुश म्हणाला, "हात कडबाकुट्टीतच गेला, साहेब. गावाकडं. माझी कंपनीबद्दल तक्रार न्हाई."

मामा उठून उभे राहिले. "न्हाई साहेब! खोटं हाय. ते मी सांगितलेलं हाय. माझं खोटं हाय ते!"

साहेब म्हणाले, "आजोबा, ज्याचा हात गेला तोच सांगतोय. तुम्ही कोण?"

मामा कोण, हे तिथं कसं सांगणार? ते उभेच राहिले. शिपायानं दंडाला धरून बसवलं.

बाहेर आल्यावर मी अंकुशला गाठलं. मला इतका संताप आला होता की हात उचलला असता. त्यानं खालमानेनं सांगितलं. शेठनं थोडे पैसे दिले आणि फाटकावर वॉचमनची जागा दिली. मामांची जागा. "मावशी, कोर्टाचा निकाल कवा लागायचा? माझं लेकरू तवर काय खाणार? तुमी सांगा ना काय खाणार!" मी काही बोलणार तेवढ्यात मामांनी मला मागं ओढलं. "त्याला बोलू नका अक्का. मी बी खुर्चीच घेतली होती की."

त्यानंतर मामा बदलले. हात बघणं बंद, भांडणं बंद. एकच धोशा. "हितून पुढं जे झालं तेच लिवायचं. आधी पोलीस, मग गाडी." माणसं हो हो म्हणायची आणि पाठ वळली की डोक्याशी बोट फिरवायची. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा. आणि मनात रोज एकच, देवा, आता कुणाचा हात जाऊ देऊ नकोस, निदान या माणसाच्या देखत जाऊ देऊ नकोस. देवाला निघोज्यातलं काही ऐकू जात नाही. मशीनांचा आवाज फार आहे.

गेला तो सुनीताचा हात.

दुपारची वेळ. ठेकेदाराचा फोन सवयीनं मामांनाच आला. मी भांडी तशीच टाकून त्यांच्यामागं धावले. जाताना कोपऱ्यावरच्या रसवंतीतनं बर्फ घेतला, हे एवढं आता आम्हा सगळ्यांना येतं. सुनीता तिच्या कंपनीच्या फाटकाशी भिंतीला टेकून बसली होती. ओढणीनं हात गुंडाळलेला, ओढणीचा रंग कळत नव्हता. कुणीतरी तिची बोटं एका स्वच्छ पिशवीत घालून मामांकडं दिली, मामांनी ती बर्फात ठेवली. रफिकभाईनं व्हॅनचं दार उघडलं. "चला, उचला पोरीला!"

मामा दारात आडवे उभे राहिले. "आधी पोलीस येऊ दे, फोन केलाय. मशीन बघू दे, ते बटण बघू दे. आता गाडी हलली की समदं पुसतील."

"मामा, पागल झालात का? हात बघा तिचा!"

"बघायलो. म्हणूनच म्हणायलो."

रफिकभाईनं त्यांना आईवरनं शिवी दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग त्यांच्या पाया पडला. मामा हलले नाहीत. सुनीता म्हणाली, "मामा, चला ना हो." मामा तिच्यापुढं खाली बसले आणि म्हणाले, "बाई, जरा दम धर. आज तुझं खरं लिवून घिऊ. तुझा अंकुश होऊ द्यायचा न्हाई मला." ती त्यांच्याकडं बघत राहिली. तिला काही समजलं असेल असं मला वाटत नाही. मी तिच्या पाठीशी बसून तिला धरलं होतं.

पोलीस आले. चांगले आले, खोटं कशाला बोलू, सगळं नीट बघितलं, चिकटपट्टी बांधलेलं बटण बघितलं, लिहून घेतलं. मग आम्ही त्या डॉक्टरकडं गेलो. नोंद दाखवली तरी, पोलीस केस आता आम्ही घेतच नाही म्हणाले, तिथनं सरकारी दवाखान्यात. तिथं रांग. एक डॉक्टर आला, बघून गेला. दुसरा येणार होता. मामा बाकावर बसले, पिशवी मांडीवर. बर्फ वितळून त्यांचा पायजमा भिजला होता. मधेच उठायचे, खिडकीपाशी जाऊन "बोटं हायेत, बोटं हायेत माझ्याकडं" असं सांगायचे आणि पुन्हा येऊन बसायचे. ऊन कलायला लागलं तेव्हा सुनीताला आत घेतलं.

हे होऊन आता दोन दिवाळ्या झाल्या. सुनीताची केस चालू आहे, कागद पक्का आहे असं वकील म्हणतो, पैसे अजून दिसले नाहीत. ती जालन्याला आईकडं असते, मधून मधून फोन करते. डबा वर्कशॉपवाल्यांच्या संघटनेनं ताब्यात घेतला. आता पैसे मोबाईलवरनं घेतात, देणाऱ्याचं नाव ग्रुपवर येतं, खाली पंधरा जण हात जोडतात. व्हॅन जोरात पळते. रफिकभाईनं चालवणं सोडलं, दुसरा चालवतो. दवाखान्यात काय सांगतात ते मी विचारत नाही. मामा त्या दिवशी दवाखान्यातून खोलीवर आलेच नाहीत, थेट गावाकडं गेले म्हणतात. त्यांची लेक येऊन सामान घेऊन गेली. मी विचारलं, कसे आहेत? म्हणाली, कुणाशी बोलत नाहीत, ओसरीवर बसून असतात. मी जाणार जाणार म्हणते आणि जात नाही. जाऊन त्यांना काय सांगू? तुम्ही बरोबर केलंत म्हणू, की चुकलात म्हणू? मला खरंच कळत नाही हो. चूक करणारे दुसरेच होते, ते आजही निवांत झोपतात, आणि हा माणूस मात्र खरं बोलूनही हरला आणि खोटं बोलूनही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी, त्या दवाखान्यात. सुनीताला बाहेर आणलं तेव्हा दिवे लागले होते. हात कोपरापर्यंत पांढरा गुंडाळलेला. मामा धडपडत उठले आणि तिच्या स्ट्रेचरवर वाकून म्हणाले, "बाई, समदं खरं लिवलंय बरं का. शेठचं नाव, मशीन, बटण, समदं. आता तुझं कुणी खाऊ शकत न्हाई."

तिनं विचारलं, "बोटं जोडली का मामा?"

मामांनी हातातल्या पिशवीकडं पाहिलं. आतून ती कुणी मागितलीच नव्हती. बर्फाचं कधीच पाणी झालं होतं. तेवढ्यात झाडूवाला आला आणि म्हणाला, "काका, ती पिशवी द्या इकडं. जाळायला जाते ती." मामांनी पिशवी छातीशी धरली.

"आधी नोंद करा."

"कसली नोंद?"

"हिच्या बोटांची. चार हायेत."

"अहो काका, त्याची नोंद नसते. द्या."

त्यानं पिशवी काढून घेतली, वाईट नव्हता तो, हळूच काढून घेतली, आणि चालायला लागला. मामा त्याच्यामागं निघाले. मी हाक मारली, त्यांनी वळून पाहिलं नाही. लांब व्हरांड्यातनं तो पुढं आणि भिजल्या पायजम्यातले मामा त्याच्यामागं, त्याच्या बाहीला धरत, पुन्हा सुटत. "लिव्ह की बाबा कुठंतरी. कुठं बी लिव्ह. नुसतं चार लिव्ह." टोकाला एक दार होतं. झाडूवाला आत गेला, मामांच्या तोंडावर दार लागलं, आणि ते तिथंच उभे राहून दार ठोठावायला लागले.